बाराची गाडी

"एकाच माणसावर ठेवू नका हं. घरातल्या दुसऱ्या कुणीतरी शिकून घ्या," डायलिसिसच्या सिस्टर पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. पण त्या हे दारात, चपला घालता घालता म्हणाल्या, आणि दारात सांगितलेली गोष्ट माणूस "या एकदा निवांत आमच्याकडे" याच्याच रांगेत नेऊन बसवतो. सूनबाईनंही तेच केलं. "हो हो, नक्की," म्हणाली, दार लावलं, कडी नीट लागली का ते दोनदा ओढून पाहिलं आणि विसरून गेली.

विसरायला तिच्याकडे सबळ कारण होतं. ते कारण म्हणजे सासूबाई.

सासऱ्यांच्या दोन्ही किडन्यांनी काम थांबवलं तेव्हा डॉक्टरांनी दोन रस्ते सांगितले. एक, आठवड्यातून तीनदा दवाखान्यात जाऊन मशीनला लावून घ्यायचं. दुसरा, घरच्या घरी. पोटात एक मऊ नळी कायमची बसवतात. तिच्यातून पिशवीतलं औषधी पाणी पोटात सोडायचं, काही तास ठेवायचं, शरीरातला कचरा त्या पाण्यात उतरला की ते बाहेर काढून नवीन भरायचं. दिवसातून चार वेळा. रोज. आजारपणाला रविवार नसतो. आणि हे सगळं इतक्या स्वच्छतेनं करायचं, की एक जंतू जरी नळीतून आत गेला तरी पोटात आग भडकेल आणि घरचा रस्ता बंद होऊन दवाखान्याचा उघडेल.

सासूबाईंनी दुसरा रस्ता निवडला. त्या जन्मभर मुलींच्या शाळेत व्यायामशिक्षिका होत्या. रांगेत वाकडं उभं राहणाऱ्याला त्यांनी कधी माफ केलं नव्हतं, तर जंतूंना कुठून करणार. त्या आठवडाभर सिस्टरांकडे शिकल्या आणि नंतर सिस्टरच कधीकधी त्यांच्याकडे बघून स्वतःची कोपरं पुन्हा धुऊ लागल्या.

सासरे पूर्वी बसडेपोत कंट्रोलर होते. त्यांनी या चार फेऱ्यांना पहिल्याच दिवशी गाड्या म्हणायला सुरुवात केली. सकाळची गाडी, बाराची गाडी, संध्याकाळची आणि झोपायच्या आधीची शेवटची. जुनं पाणी बाहेर येऊ लागलं की "उतरणाऱ्यांना आधी उतरू द्या" असं ते गंभीरपणे म्हणत. बाहेर आलेल्या पाण्याच्या पिशवीमागे वर्तमानपत्र धरायचं आणि पाण्यातून अक्षरं स्वच्छ वाचता येतात का ते पाहायचं, असा सिस्टरांचा नियम होता. पाणी गढूळ म्हणजे आत गडबड. सासरे रोज पिशवीआडून मथळा मोठ्यानं वाचत. "अक्षर स्पष्ट आहे. मजकूर वाईट आहे, पण त्याला माझं पोट जबाबदार नाही."

एवढं सगळं इतकं सुरळीत चाललेलं असताना सूनबाईनं मध्ये का पडावं? शिवाय तिला भीती वाटे. तिचा स्वभावच तसा होता. तीन वर्षांची चिमणी झोपली की तिचा श्वास चालू आहे ना, हे ती नाकाशी बोट धरून बघे, त्यामुळे चिमणी दचकून उठे आणि श्वास चालू असल्याचं साऱ्या इमारतीला कळे. गॅस बंद केल्यावर ती जिना उतरून जाई आणि परत वर येई. अशा बाईनं दुसऱ्याच्या पोटातल्या नळीला हात लावावा, हे तिलाच काय, कुणालाच सुचलं नसतं. तिनं आपल्याकडे वरवरची कामं घेतली: पिशव्यांची खोकी मोजणं, खोकी रचणं आणि शेजाऱ्यांना तोंड देणं.

यातलं शेवटचं काम सगळ्यांत कठीण. समोरच्या वहिनींनी कुठल्याशा पाल्याचा रस सुचवला. सासऱ्यांना पाणीसुद्धा मापून प्यायचं असतं, हे सांगितल्यावर "मग घट्ट करून द्या" म्हणाल्या. वरच्या मजल्यावरचे काका रोज जिन्यात अडवून "अजून पिशव्याच का?" असं विचारत, जणू पुढच्या इयत्तेत पिशव्यांऐवजी दुसरं काही मिळणार होतं. आणि इमारतीचे सेक्रेटरी दर महिन्याला खोक्यांची गाडी आली की बोळात येऊन उभे राहत. "घरगुती वापराची परवानगी आहे, गोदामाची नाही." सूनबाई म्हणे, "घरगुतीच वापर आहे हो." ते खोक्यांचा ढीग खालून वर न्याहाळत आणि म्हणत, "एका माणसाला?"

असं वर्ष गेलं. मग एका संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी सूनबाईला जिन्यात थांबवलं.

"सासूला सांग तुझ्या, शेवटचं विचारतेय. ज्येष्ठांच्या दुहेरीचा सामना तीन आठवड्यांनी, शनिवारी दुपारी आहे. जोडीदार नाही तर माझंही नाव कापतील."

"कसला सामना?"

"बॅडमिंटनचा. तुला माहीत नाही? अगं, आम्ही दोघी नऊ वर्षं एकत्र खेळलो. गेल्या वर्षी अचानक यायची बंद झाली. विचारलं की म्हणते, गुडघे दुखतात."

सूनबाई वर आली तेव्हा दुखऱ्या गुडघ्यांच्या सासूबाई स्टुलावर चढून माळ्यावर खोकी सरकवत होत्या.

"आई, तुमचे गुडघे कसे आहेत?"

"गुडघ्यांना काय धाड भरलीय?"

त्यानंतर सूनबाई नुसती बघत राहिली. बघत राहणं हे तिचं खास क्षेत्र. त्या रात्रीच्या स्वयंपाकाला तिनं पाहिलं, की सासूबाई पातेल्यात पळी फिरवता फिरवता थांबतात, कुणी बघत नाही असं वाटलं की मनगट वळवून पळी हवेत अशी मारतात, की समोर जाळं असतं तर फूल थेट प्रतिस्पर्ध्याच्या पायाशी पडलं असतं. आमटीचा एक थेंब मात्र भिंतीवर उडाला. तो त्यांनी लगेच पुसला.

सूनबाईनं त्या क्षणी ठरवलं. सासूबाईंना एक शनिवार मिळवून द्यायचा. फक्त एक दुपार. बाराच्या गाडीचा तेवढा बंदोबस्त झाला की झालं, यात अवघड ते काय.

पहिला उपाय तिनं बॅडमिंटन क्लबच्या कचेरीत शोधला. सामना पुढेमागे करता आला तर गाडीला हात लावायलाच नको. टेबलामागच्या क्लार्कनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"आजारपणाच्या कारणावरून वेळ बदलता येते. खेळाडूचं डॉक्टरी सर्टिफिकेट आणा."

"खेळाडू ठणठणीत आहेत. आजारी त्यांचे मिस्टर आहेत."

"मिस्टर खेळणार आहेत का?"

"नाही."

"मग त्यांच्या आजारपणाचा सामन्याशी संबंध काय?"

"त्यांना सांभाळायला त्या घरी लागतात."

"म्हणजे खेळाडू अनुपलब्ध आहेत. अनुपलब्ध असतील तर नाव मागे घ्यावं लागेल," क्लार्क म्हणाला. "तेवढ्यासाठी सर्टिफिकेट लागत नाही."

दुसरा उपाय म्हणजे गाडीच पुढे ढकलणं. तिनं सिस्टरांना फोन केला. सिस्टर म्हणाल्या, "थोडं मागेपुढे चालेल. पण सामना, त्यात जायचा यायचा प्रवास, म्हणजे दुपार गेली. मग पुढच्या दोन गाड्या एकमेकींना धडकतील." सासऱ्यांची भाषा आता सिस्टरही बोलू लागल्या होत्या.

तिसरा उपाय एजन्सीतून आला. "पेशंटचा अनुभव असलेला माणूस" पाठवतो म्हणाले, आणि एक पहिलवान पाठवला. त्यानं आल्याआल्या सासऱ्यांना उचलून पलंगावर ठेवलं. सासरे चांगले चालते फिरते होते आणि तेव्हा दाढी करत होते. "नळीचं काम करता येतं?" असं सूनबाईनं विचारल्यावर तो म्हणाला, "नळी, फिटिंग, सगळं." मग त्यानं फोनवर बोलत बोलत कान खाजवला आणि त्याच हातानं नव्या पिशवीला गोंजारलं. सासूबाई तेवढ्यात बाजारातून आल्या. त्यांनी दारातूनच एका हातानं रस्ता दाखवला, दुसऱ्या हाताची गरज पडली नाही. पहिलवान निमूट गेला. "हा कोण होता?" त्यांनी विचारलं. सूनबाई म्हणाली, "चुकून आला होता." एका अर्थी ते खरंही होतं.

चौथा उपाय नवरा. हा माणूस चिमणीची नखं कापताना डोळे मिटून घेई, म्हणून ते काम त्याच्याकडून काढून घेतलं होतं.

"यात रक्त नसतं रे," सूनबाई समजावत म्हणाली. "नुसतं पाणी."

"पाणी कुठून येतं?"

"पोटातून."

त्यानं खुर्ची जवळ ओढली आणि बसून घेतलं. "मी बाहेरचं बघतो," थोड्या वेळानं तो म्हणाला, "दार वगैरे."

शेजारपाजारी आता कुजबूज सुरू झाली होती. समोरच्या वहिनी स्वतःहून पुढे आल्या, "मी करते की, त्यात काय, आमच्याकडे माशांची टाकी आहे, पाणी बदलायची मला सवय आहे." वरचे काका म्हणाले, एखादी गाडी चुकली तर काही होत नाही, त्यांची गोळी कितीदा चुकते. सूनबाईनं दोघांचे आभार मानले आणि घरी येऊन दार लावून रडून घेतलं. एका बाईला एक दुपार मोकळी मिळावी म्हणून सगळं जग फिरून झालं होतं आणि शनिवार दहा दिवसांवर आला होता.

सिस्टर महिन्याच्या फेरीला आल्या तेव्हा तिनं त्यांना स्वयंपाकघरात नेलं. सारी कहाणी सांगितली.

"मग तुम्ही का नाही शिकत?" सिस्टर म्हणाल्या.

"मला भीती वाटते."

"कसली?"

"सगळ्याची. हात नीट धुतला नसेल, कुठे चुकून लागला असेल, पिशवी गळत असेल, तारीख उलटली असेल, खिडकी उघडी राहिली असेल."

सिस्टर हसू लागल्या. "बाई, तुम्ही मला नियमांची यादीच वाचून दाखवलीत. अहो, या कामाला धीट माणूस नकोच असतो. धीट माणसांचे हात धुवायचे राहतात. माझ्या पेशंटांचे सगळ्यांत चांगले घरवाले भित्रेच आहेत. उद्या सकाळी सेंटरवर या."

आयुष्यात पहिल्यांदाच सूनबाईच्या घाबरटपणाची कुणीतरी लायकी म्हणून नोंद घेतली होती. कॉलेजात एवढी पदवी घेतली, तेव्हाही इतकं बरं वाटलं नव्हतं.

ती शिकली. सेंटरवर सरावासाठी एक एप्रन होता, त्याला पुढे पोटाच्या जागी नळी शिवलेली. तो दुसऱ्या कुणीतरी घालायचा आणि आपण गाडी चालवायची. सिस्टर तो घालून बसत आणि मुद्दाम खोकत, शिंकत, गप्पा मारत, मध्येच "तुमच्या मुलीला शाळेत घातलं का हो?" असं विचारत. बोलली की चूक. मास्कच्या आतून नुसती मान हलवायची. घरी सराव गुपचूप चाले, कारण सासूबाईंना कळलं असतं तर त्यांनी "काही नको" म्हणून प्रकरण तिथेच मिटवलं असतं. पण चिमणीपासून काही लपत नाही. तिनं बाहुलीला कपड्यांच्या खुंटीशी बसवलं, वर एक मोजा टांगला आणि आल्यागेल्याला "मास्क कुठाय?" म्हणून दरडावायला सुरुवात केली.

शुक्रवारी संध्याकाळी सिस्टरांनी सासूबाईंना फोनवर सांगितलं, की सूनबाई तयार आहे, मी तिची परीक्षा घेतली आहे. सासूबाईंनी फोन ठेवला.

"मला कुणी विचारलं का?" त्या म्हणाल्या.

"विचारलं असतं तर गुडघे दुखले असते," सासरे वर्तमानपत्राआडून म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा हो. उद्या काही झालं म्हणजे?"

"काही झालं तर मला होईल ना. मी प्रवासी आहे, मी तक्रार करीत नाहीये."

सासूबाईंनी सूनबाईकडे पाहिलं. "हात दाखव," म्हणाल्या. सूनबाईनं हात पुढे केले. वारंवार धुऊन धुऊन बोटांची कातडी पार कोरडी पडली होती. सासूबाईंनी हात उलटसुलट करून पाहिले. त्यांचे स्वतःचे हात तसेच होते. त्या आत गेल्या आणि मलमाची डबी घेऊन आल्या. "झोपताना लाव. सकाळी नाही, हात निसरडे होतात." परवानगी मिळाली ती अशी.

शनिवारी सासूबाई पांढरे बूट घालून निघाल्या. दारातून तीनदा परत आल्या. तिसऱ्यांदा डॉक्टरीणबाईंनी त्यांना दंडाला धरून खाली नेलं, अगदी दाढ काढायला नेतात तसं.

सूनबाईनं खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, टेबल पुसलं. नवी पिशवी उबेला ठेवली होती ती काढली, तारीख पाहिली, दाबून पाहिली, उजेडात धरली. मास्क चढवला. सासऱ्यांनी चढवला. मग हात धुतले, बोटांच्या बेचक्या, नखं, मनगटं. पुसले आणि वर धरून उभी राहिली. नेमकी त्याच क्षणी दारावरची घंटा वाजली.

खोक्यांची गाडी आली होती. महिनाभर वाट पाहायला लावणारी ही गाडी त्या दिवशी लवकर आली.

"अगं, खोकी कुठे ठेवू?" बंद दाराबाहेरून नवऱ्यानं विचारलं.

सूनबाई मास्क घालून, हात वर धरून, शरण आलेल्या सैनिकासारखी उभी. बोलायचं नाही. सासऱ्यांनी मास्कमधून भारदस्त आवाजात सांगितलं, "फलाटावर ठेव."

त्यानंतर बाहेरून जे आवाज आले त्यावरून सगळं कळत होतं. खोकी बोळात ठेवल्याचा आवाज. सेक्रेटरींच्या चपलांचा आवाज. "घरगुती वापराची परवानगी" इथपर्यंत त्यांचं वाक्य, आणि मग चिमणीचा खणखणीत आवाज, "मास्क कुठाय?" त्यापुढे सेक्रेटरींचं वाक्य काही ऐकू आलं नाही.

आत सूनबाईनं टोपण काढलं, जोडणी केली. बोटं जिथे लागू नयेत तिथे लागली नाहीत. नळीवरची चिमटी सोडली. उतरणाऱ्यांना उतरू द्यायचं.

कुणी उतरेना.

पाणी येतच नव्हतं. खालची पिशवी रिकामी पडलेली. सूनबाईच्या डोळ्यांपुढे क्रमानं सगळं येऊन गेलं: आत गुंता, ऑपरेशन, दवाखाना, सासूबाई पांढऱ्या बुटांत धावत येताहेत. तिनं चिमटी पाहिली. उघडी होती. वरपासून खालपर्यंत नळी डोळ्यांनी तपासली. सासरे शांत बसले होते. फार शांत. आणि तिच्या लक्षात आलं, की ते नेहमीच्या जागी नाहीत. तिला हालचालीला जागा मिळावी म्हणून ते माणुसकीनं खुर्चीत एका बाजूला सरकले होते, आणि सरकून नळीवरच बसले होते.

तिनं बोटानं खूण केली. सासऱ्यांनी खाली पाहिलं. "कंट्रोलरच रस्त्यात उभा," असं पुटपुटून ते जरासे उचलले गेले, आणि पाणी धो धो नाही, पण नेमानं उतरू लागलं.

आता थांबायचंच होतं. या थांबण्याला वीसेक मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ दोन माणसं एकमेकांसमोर बसलेली असतात. रोज चार वेळा सासूबाई इथे अशा बसतात, हे सूनबाईला माहीत होतं. पण खुर्चीत बसल्यावर ते अंगाला लागलं.

"मला तिचे बूट रोज दिसायचे," सासरे एकाएकी म्हणाले. त्यांना हळू बोलायला परवानगी होती, तोंड दुसरीकडे वळवून. "कपाटाच्या खालच्या फळीवर. मी कधी विचारलं नाही, तू का जात नाहीस म्हणून. विचारलं असतं आणि ती जाते म्हणाली असती तर? माझं काय, अशी भीती."

सूनबाईनं नुसती मान हलवली. बोलायचंच नव्हतं, ते एका परीनं बरं झालं.

नवीन पाणी आत गेलं. उरलं फक्त शेवटचं नवीन टोपण. तिनं ते उघडलं आणि ते बोटांतून निसटून फरशीवर पडलं.

आता इथे आईपणाचा स्वभाव आडवा येतो. चिमणीचं बिस्कीट पडलं, की घराघरातल्या आया जे करतात तेच सूनबाईनं हजारदा केलं होतं: उचललं, फुंकर मारली, पदराला पुसलं, दिलं परत. तिचा हात खाली निघालासुद्धा. अर्ध्यावर थांबला. सासरे तिच्याकडे बघत होते. पडलं ते गेलं. तिनं फरशीकडे पाहिलंही नाही. हात पुन्हा जंतुनाशकानं चोळले, शेजारी मुद्दाम ठेवलेलं दुसरं टोपण घेतलं आणि घट्ट बसवलं. जास्तीचं टोपण तिथे ठेवायला कुणी सांगितलं नव्हतं. ते तिच्या भीतीनं ठेवलं होतं.

सासऱ्यांनी पिशवीमागे वर्तमानपत्र धरलं आणि मथळा वाचला. एकही अक्षर अडखळलं नाही.

बाहेर आल्यावर तिला दिसलं, की बोळ रिकामा आहे. खोकी आत, भिंतीशी, नीट रचलेली. नवरा घाम पुसत होता, आणि कोपऱ्यात सेक्रेटरी, नाकाला रुमाल बांधलेले, चिमणीच्या बाहुलीचा मोजा वर धरून उभे होते. "हिनं सांगितलं, हात खाली करायचा नाही," ते म्हणाले. "कधी सुटायचं यातून?"

सासूबाई परतल्या तेव्हा चेहरा लाल, केस विस्कटलेले, कोपराला खरचटलेलं. दारातच थांबल्या. "वाचता आलं?"

"बातमी शिळी होती," सासरे म्हणाले. "पण स्पष्ट. तुमचं काय झालं, बाई?"

"हरलो. पहिल्याच सामन्यात. ती डॉक्टरीण जाळ्यापाशी झोपा काढत होती." बूट काढता काढता त्या म्हणाल्या, आणि असं म्हणताना त्या जितक्या खुशीत होत्या तितक्या जिंकूनही कुणी नसतं. बूट मात्र खालच्या फळीवर गेले नाहीत. दाराशी, सगळ्यांच्या चपलांत राहिले. "पुढच्या शनिवारी परत सराव आहे," त्यांनी कुणाकडेही न बघता जाहीर केलं. मग सूनबाईच्या हातांकडे पाहून म्हणाल्या, "मलम लावलंस?"

तेव्हापासून शनिवारची बाराची गाडी सूनबाईची. आणि म्हणूनच तिचं तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या इमारतीत, नात्यात, ऑफिसात असं एखादं घर नक्की असेल जिथे पिशवी टांगली जाते, किंवा रोज न चुकता असंच दुसरं काहीतरी केलं जातं. पेशंटची चौकशी सगळेच करतात, पाल्याच्या रसासकट. तुम्ही एकदा त्या दुसऱ्या माणसाकडे जाऊन या, पिशवी टांगणाऱ्याकडे. जाण्याआधी फोन करा, गाडीची वेळ सोडून जा, गेल्यावर हात धुवा. सल्ला देऊ नका. तब्येत विचारलीत तर "ठीक आहे" म्हणतील, गुडघ्यांचं विचारलंत तर खोटं सांगतील. म्हणून एवढंच विचारा, की तुमचा शनिवार कधी असतो. आणि समोरून उत्तर यायला वेळ लागला, तर चपला घालायची घाई करू नका.